कड्यावरून कादंबरीकडे

मानवतमधले आपले किती तरी मित्र पुण्यात एमपीएससी करतायत. रविवार आला की त्यांचं सिंहगडाचं स्टेटस ठरलेलं! पुढच्या वेळी ते पाहाल तेव्हा नाथमाधव आठवा. खरं नाव द्वारकानाथ माधव पितळे, जन्म १८८२. मुंबईत कुलाब्याच्या तोफांच्या कारखान्यात नोकरी आणि शिकारीचा भारी नाद. ऐन विशीत याच गडावर शिकारीला गेले आणि कड्यावरून कोसळले. जीव वाचला, पण कमरेखालचं शरीर कायमचं लुळं पडलं. विचार करा, जवळपास तुमच्याच वयाचा पोरगा!

दवाखान्यात पडल्या पडल्या वाचनाचं वेड लागलं, मग स्वतःच लिहायला लागले. १९०८ मध्ये ‘प्रेमवेडा’, पाठोपाठ ‘सावळ्या तांडेल’. १९१३ च्या ‘वीरधवल’वर तर वाचक तुटून पडले. ज्यांना स्वतःला पाऊल टाकता येत नव्हतं, त्यांचे नायक तलवारी गाजवत होते, समुद्र पालथा घालत होते. पुढे तीन भागांची ‘डॉक्टर’ आणि शिवकाळावरची ‘स्वराज्या’ची मालिका. १९२८ मध्ये, ४६ व्या वर्षी गेले.

‘वीरधवल’ जुन्या वाचनालयात आजही सापडते. जाडजूड आहे, त्यामुळे सेमिस्टर संपल्यावरच हातात घ्या.