प्रश्न विचारणारा मुलगा

मुलांनो, आपल्या सोलापुरात कुणाचे वडील मागावर चादरी विणतात, तर कुणाचे वडील गणवेश शिवतात. अशाच एका कष्टकरी घरात वाढलेल्या शास्त्रज्ञाची ही गोष्ट आहे. त्यांचे नाव इझिडॉर आयझॅक राबी.

राबींचा जन्म २९ जुलै १८९८ रोजी, आजच्या पोलंडमधील रिमानूव या गावी, गरीब ज्यू कुटुंबात झाला. ते तान्हे असतानाच आईवडील अमेरिकेत न्यूयॉर्कला गेले. वडील कपडे शिवण्याच्या कारखान्यात राबत. घरात यिडिश भाषा बोलत. शाळेत मात्र इंग्रजी शिकावे लागे. घरी उर्दू बोलून शाळेत मराठी शिकणाऱ्या तुम्हांला त्यांची अडचण सहज समजेल.

शाळेतून आल्यावर आई त्यांना एकच गोष्ट विचारी, की आज वर्गात चांगला प्रश्न विचारलास का? ही सवय त्यांना जन्मभर उपयोगी पडली.

१९१९ साली ते पदवीधर झाले, पण मनाजोगे काम मिळेना. तीन वर्षे अशीच गेली. तरी ते खचले नाहीत. त्यांनी पुन्हा शिक्षण सुरू केले आणि १९२७ मध्ये भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. नंतर जर्मनीत ऑटो स्टर्न यांच्या प्रयोगशाळेत ते अणूंच्या झोतावर प्रयोग करायला शिकले.

पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांच्यापुढे एक प्रश्न उभा राहिला. अणूचे केंद्र चिमुकल्या लोहचुंबकासारखे वागते; मग त्याची ताकद मोजायची कशी?

तुम्ही झोका दिला आहे ना? लयीत ढकलले, की थोड्या जोरानेही तो उंच जातो. राबींनी हीच युक्ती वापरली. हवा काढलेल्या नळीतून त्यांनी कणांचा झोत सोडला. वाटेत तीन चुंबक होते. पहिला चुंबक कणांना वळवी, तिसरा पुन्हा वाटेवर आणी. मधल्या चुंबकात त्यांनी सतत दिशा बदलणारे आणखी एक दुबळे चुंबकक्षेत्र लावले. त्याची लय अणुकेंद्राच्या लयीशी जुळली, की केंद्राची दिशा पालटे. मग तो कण वाट चुके आणि शेवटी पोचणाऱ्या कणांची संख्या घटे. त्या लयीवरून केंद्राची ताकद अचूक कळे. १९३८ साली हा शोध प्रसिद्ध झाला. त्याबद्दल राबींना १९४४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आज रुग्णालयात एम.आर.आय. यंत्राने शरीराच्या आतील भाग पाहतात. त्या यंत्राचे मूळ याच शोधात आहे. अखेरच्या आजारात खुद्द राबींची तपासणीही अशाच यंत्राने झाली! ११ जानेवारी १९८८ रोजी त्यांचे निधन झाले.

मुलांनो, मराठी बोलताना चुकेल म्हणून गप्प बसू नका. उद्या वर्गात एक तरी चांगला प्रश्न विचारा.