संगीताच्या दुकानातील वनस्पतिशास्त्रज्ञ

जर्मनीतील लाइपझिग येथे १८ मे १८२४ रोजी जन्मलेले विल्हेल्म होफमाइस्टर विद्यार्थी म्हणून विद्यापीठाची पायरी कधीच चढले नाहीत. वडिलांचा संगीतविषयक प्रकाशनाचा आणि पुस्तकविक्रीचा व्यवसाय होता. वनस्पतींची आवडही त्यांच्याकडूनच आली. पंधराव्या वर्षी शाळा सुटली, हॅम्बुर्गच्या एका संगीताच्या दुकानात दोन वर्षे उमेदवारी झाली आणि १८४१ मध्ये ते घरच्या पेढीवर रुजू झाले. पहाटे, दुकानाची वेळ होण्यापूर्वी, ते सूक्ष्मदर्शकापुढे बसत. दूरचे त्यांना फारच अंधुक दिसे. जवळचे मात्र त्यांच्या नजरेतून सहसा सुटत नसे.

परागनलिकेचे टोक म्हणजेच भावी गर्भ, असे श्लायडेन यांच्यासारखे मातब्बर शास्त्रज्ञ त्या वेळी मानत. गर्भ अंडकोशिकेपासून तयार होतो, हे या तरुण दुकानदाराने १८४९ मध्ये अनेक वनस्पतींच्या निरीक्षणांतून दाखवून दिले. रोस्टॉक विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली.

त्यांचा खरा पराक्रम १८५१ मधील ग्रंथाचा. तेव्हा ते अवघे सत्तावीस वर्षांचे होते. मॉस, नेचे आणि सूचिपर्णी वृक्ष वरवर पाहता परस्परांशी संबंध नसलेले. पण त्या सर्वांच्या आयुष्यात दोन पिढ्या आळीपाळीने येतात, हे त्यांनी ओळखले. एक पिढी बीजुके निर्माण करते, दुसरी रेतुके व अंडकोशिका. मॉसमध्ये आपल्याला दिसणारे हिरवे रोपटे ही दुसरी पिढी. नेच्यात ती नखाएवढ्या हिरव्या पापुद्र्यापुरती उरते, आणि सूचिपर्णींत तर थेट बीजकात दडून बसते. वनस्पती पाण्यातून जमिनीवर आल्या, त्या स्थित्यंतराची किल्ली इथेच आहे. मॉस व नेचे यांची रेतुके पोहत जातात. त्यांना पाण्याचा पातळ थर तरी लागतोच. सूचिपर्णींत ते काम परागनलिका करते, पावसाची वाट पाहावी लागत नाही. डार्विन यांचा ग्रंथ १८५९ चा, म्हणजे त्यानंतर आठ वर्षांनी आलेला. होफमाइस्टर यांनी उत्क्रांतीची भाषा वापरली नाही, परंतु तिचा भक्कम पुरावा आधीच मांडून ठेवला होता. पुढे बॉवर यांनी १९०८ मध्ये जमिनीवरील वनस्पतींच्या उगमाची मांडणी केली, ती याच पायावर.

१८६३ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठाने पदवी नसलेल्या या माणसाला प्राध्यापक नेमले. १८७२ मध्ये ते ट्यूबिंगेनला गेले. घरी मात्र आघात सुरूच होते. पत्नी १८७० मध्ये वारली, अनेक अपत्येही त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. १२ जानेवारी १८७७ रोजी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

सूचिपर्णींच्या परागनलिकेतही रेतुके असण्याची शक्यता त्यांनी सुचविली होती. सूचिपर्णींत पोहणारी रेतुके सापडली नाहीत. पण १८९६ मध्ये टोकियोत हिरासे यांना गिंकोमध्ये आणि इकेनो यांना सायकसमध्ये, म्हणजे सूचिपर्णींच्या नातलगांत, ती आढळली. हिरासेही मूळचे चित्रकार. वनस्पतिशास्त्राची पदवी त्यांच्याकडेही नव्हती.