डर्बीचा स्पेन्सर आणि टेंभूचे आगरकर

लेस्टरला नवीन आलेल्या मराठी माणसाला आम्ही आधी बेलग्रेव्ह रोड दाखवतो. कढीपत्ता, कैऱ्या, हापूसची पेटी, दिवाळीची रोषणाई, सगळं तिथे. गावाच्या मध्यात हंबरस्टोन गेटवर सेक्युलर हॉल आहे, तिकडे मात्र सहसा कोणी बोट दाखवत नाही. विटांची जुनी इमारत. दर्शनी भिंतीवर पाच अर्धपुतळे: सॉक्रेटिस, येशू, व्होल्टेअर, टॉमस पेन आणि रॉबर्ट ओवेन. धर्माच्या आधाराशिवायही नीतीने जगता येतं, असं मानणाऱ्या इथल्या लोकांनी ती बांधली आणि ६ मार्च १८८१ रोजी खुली केली. येशूला या रांगेत बसवल्यावर बराच गहजब झाला होता. त्याला देव म्हणून नाही, नीती सांगणारा एक माणूस म्हणून बसवलं होतं, हेच लोकांना खुपलं.

यातला पेन म्हणजे जोतीराव फुल्यांनी तरुणपणी वाचलेला तोच पेन. पण आज सांगायचंय ते दुसऱ्या एका मराठी माणसाबद्दल. हा हॉल उघडला त्याच्या दोन महिने आधी, ४ जानेवारी १८८१ ला, पुण्यात 'केसरी'चा पहिला अंक निघाला. त्याचे संपादक गोपाळ गणेश आगरकर. वय चोवीस. शाळेत आपण टिळक-आगरकर असं जोडनाव पाठ केलं, आगरकरांपुढे समाजसुधारक असं लिहून दोन मार्क मिळवले आणि पुढे गेलो. या माणसाने पाश्चात्त्य तत्त्वज्ञानातले अगदी पहिले प्रश्न मराठीत, वर्तमानपत्रात, चार लोकांच्या चव्हाट्यावर आणून ठेवले, हे मात्र राहूनच गेलं.

इथे ए-लेव्हलला रिलिजस स्टडीज घेणाऱ्या मुलांना नीतिशास्त्रात जॉन स्टुअर्ट मिल शिकवतात. मुलं घरी येऊन विचारतात, आपल्याकडे कोणी हे वाचलं होतं का? आपण गीतेचं नाव सांगतो. ते काही चूक नाही. पण मिल वाचून पुण्याच्या वाड्यांशी भांडलेला आपला माणूस आपल्याला पटकन आठवत नाही.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ चा, कऱ्हाडजवळच्या टेंभू गावातला. घरची गरिबी म्हणजे अक्षरशः पोटाची चिंता. शिक्षणासाठी कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण झाली. मधे कचेरीत उमेदवारी केली, दवाखान्यात कंपाउंडरचं काम केलं. अकोल्याला मॅट्रिक झाले आणि तिथेच 'वऱ्हाड समाचार'मध्ये लिहायला लागले. पुढे पुण्यात डेक्कन कॉलेजात आले तेव्हा अंगावर एकच सदरा होता; तो रात्री धुवायचा आणि सकाळी घालायचा, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. इतिहास आणि तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. करताना त्यांनी आईला पत्र लिहिलं. मुलगा मोठ्या परीक्षा देतोय, आता मोठ्या पगाराची नोकरी लागेल अशी आशा धरू नकोस, पोटापुरत्यावर भागवून बाकीचा वेळ मी लोकांच्या कामाला देणार आहे, असा त्याचा मतलब. आपल्यातल्या किती जणांनी आईला नेमकं याच्या उलट पत्र किंवा फोन केला असेल, ते ज्याचं त्याने आठवावं. मी कोणाला नावं ठेवत नाही, मीही त्यातलाच.

कॉलेजात त्यांना दोन इंग्रज लेखक भेटले आणि ते जन्मभर सुटले नाहीत. एक मिल, दुसरा हर्बर्ट स्पेन्सर. स्पेन्सर आमच्या शेजारचा, डर्बीचा. लेस्टरहून गाडीने अर्ध्या-पाऊण तासात पोचता येतं. १८२० साली तिथे जन्मला, आधी रेल्वेत इंजिनियर होता, नंतर लेखक झाला. आज इंग्लंडातही त्याला फारसं कोणी वाचत नाही. पण त्या काळात मुंबई-पुण्याच्या कॉलेजांत त्याचा दबदबा होता.

या लेखकांनी आगरकरांना काय दिलं? पहिली गोष्ट, ज्ञानाबद्दलचा प्रश्न. एखादी गोष्ट खरी हे कशावरून ठरवायचं? आपल्या न्यायशास्त्रातही हा प्रश्न आहे. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी प्रमाणं तिथे सांगितली आहेत. मिलचं म्हणणं थोडक्यात असं की सगळं ज्ञान शेवटी अनुभवातून येतं. म्हणजे शब्दप्रमाणाची, ग्रंथात लिहिलंय किंवा वाडवडील सांगत आले याची, वेगळी वट राहत नाही. ग्रंथाचं म्हणणंसुद्धा अनुभवावर घासून बघायचं. आगरकरांनी ही कसोटी उचलली आणि थेट घराच्या ओसरीवर नेली. सोवळं कशासाठी? श्राद्धाचा पिंड कोणाला पोचतो, आणि हे कोणी पाहिलंय? विधवेचं केशवपन केल्याने कोणाचं काय भलं होतं? त्यांचे लेख आज वाचताना भाषा जुनी वाटते, पण प्रश्न आपल्या घरातल्या तेरा वर्षांच्या मुलीचे वाटतात. तिला आपण करायचं असतं म्हणून सांगतो आणि विषय बदलतो.

देवाबद्दल ते नाही असं ठासून सांगत नव्हते, हेही लक्षात घ्यायला हवं. स्पेन्सरने विश्वाच्या मुळाशी जे काही आहे ते माणसाच्या बुद्धीला कळण्यापलीकडचं आहे असं मांडलं होतं. आगरकर तिथेच थांबले: अज्ञेयवादी. जे कळत नाही त्याच्या नावाने कोणाचे हाल करू नका, एवढाच त्यांचा आग्रह.

खरं कशावरून, हा प्रश्न त्यांच्या अंगावरही एकदा चांगलाच आला. कोल्हापूरचे तरुण महाराज आणि दिवाण माधवराव बर्वे यांच्या प्रकरणात 'केसरी' आणि 'मराठा'ने दिवाणांवर आरोप करणारा मजकूर छापला. ज्या पत्रांवर तो आधारलेला होता ती बनावट निघाली. माफी मागूनही टिळक-आगरकरांना चार महिन्यांची कैद झाली आणि मुंबईच्या डोंगरी तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. तो १८८२ चा उन्हाळा सरून पावसाळा होता. २६ ऑक्टोबरला सुटले. खटला चालू असताना जामिनाची व्यवस्था जोतीराव फुल्यांनी आपल्या माणसांकरवी केली होती. वैचारिक अंतर कितीतरी, तरी केली. आगरकरांनी तुरुंगात 'हॅम्लेट'चं मराठी रूपांतर हाती घेतलं, तेच पुढे 'विकारविलसित' नावाने आलं. आणि रात्री दोघं मित्र कोठडीत इतक्या मोठ्याने वाद घालायचे, की पहारेकऱ्यांना येऊन गप्प करावं लागे. हे पुढे टिळकच सांगत.

आता दुसरा प्रश्न, नीतीचा, आणि इथे मैत्री तुटली.

मिलचं नीतिशास्त्र सांगायला सोपं आहे. ज्याने जास्तीत जास्त लोकांचं सुख वाढतं आणि दुःख कमी होतं ते कृत्य चांगलं. त्यात एक मेख आहे: मोजताना प्रत्येक माणूस एक धरायचा. विधवा एक, पुरोहित एक, दहा वर्षांची सून एक. हे गणित पुण्यात मांडलं की काय होणार, ते सांगायला नको. शिवाय मिलचं दुसरं तत्त्व असं की दुसऱ्याला इजा होत नाही तोवर माणसाच्या वागण्यात समाजाने किंवा सरकारने हात घालू नये.

त्याच सुमाराला मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजत होता. लहानपणी लावून दिलेलं लग्न मान्य नाही, नवऱ्याकडे जाणार नाही, असं म्हणणारी ही बाई. १८८७ च्या मार्चमध्ये कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तिने तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढे ती इथे इंग्लंडात येऊन लंडनला डॉक्टर झाली. अशा प्रश्नांवर 'केसरी'त आगरकरांना मोकळेपणी लिहिता येईना. त्याच वर्षी त्यांनी संपादकपद सोडलं आणि १८८८ च्या ऑक्टोबरात स्वतःचा 'सुधारक' काढला. मराठी बाजू त्यांची. इंग्रजी बाजू सांभाळायला बावीस वर्षांचे गोपाळ कृष्ण गोखले.

मग आला संमतिवयाचा कायदा. मुलीशी, मग ती लग्नाची बायको का असेना, शरीरसंबंधाला किमान वय तोवर दहा होतं. ते बारा करायचं. १८९१ च्या मार्चमध्ये तो मंजूर झाला. टिळकांचा विरोध: परक्या सरकारने आमच्या घरात कायदा करू नये. हा विरोध निव्वळ कर्मठपणाचा होता असं म्हणून सोडून देता येत नाही, कारण सरकारने लोकांच्या आयुष्यात कमीत कमी लुडबुड करावी असं सांगणारा त्या काळातला सर्वात मोठा आवाज खुद्द स्पेन्सरचा होता. आणि सक्तीचा राग काही आपल्यापुरता नव्हता. १८८५ साली आमच्या याच लेस्टरमध्ये देवीच्या लशीची सक्ती नको म्हणून हजारोंचा मोर्चा निघाला होता.

आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले. म्हणजे आपल्या लाडक्या गुरूच्या शिकवणीला या ठिकाणी बाजूला सारून. मला त्यांच्या आयुष्यातली ही जागा सर्वात महत्त्वाची वाटते. मनूच्या जागी स्पेन्सर बसवला असता तर प्रमाणग्रंथ बदलला असता, बाकी काही बदललं नसतं. आणि मिलच्या स्वातंत्र्याच्या तत्त्वातही एक अपवाद स्पष्ट आहे: ते सज्ञान माणसांसाठी आहे, मुलांसाठी नाही. मुलांना तर दुसऱ्यांपासून वाचवावं लागतं. दहा वर्षांच्या पोरीची संमती ही काय चीज आहे, हा साधा प्रश्न ज्यांना पडला ते कायद्याच्या बाजूला गेले. मुलींचं शिक्षण मुलांसारखंच हवं आणि मुलांच्या बरोबरीने, एकाच वर्गात हवं, असंही त्यांनी लिहिलं.

पुण्यातल्या सनातन्यांनी ते जिवंत असताना त्यांच्या प्रतिमेची प्रेतयात्रा काढली. स्वतःच्या दारावरून गेलेली ती तिरडी त्यांनी पाहिली, असं सांगतात. बरं, घरात सगळे त्यांच्या मताचे होते असंही नाही. पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू, त्यांचं देवधर्माचं चालूच असे. आगरकरांनी त्यांना कधी अडवलं नाही. बाहेर लेखणीने इतका कठोर असलेला माणूस घरात बायकोच्या देव्हाऱ्याला हात लावत नाही, याला कोणी विसंगती म्हणेल. मला ती मिलची शिकवण वाटते: पटवून द्या, जबरदस्ती करू नका.

त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. त्यांची लढाई बरीचशी पांढरपेशा घरांतली राहिली. केशवपन, सोवळं, बालविवाह. फुल्यांनी शेतकरी आणि अस्पृश्य मानलेल्या लोकांचं जे दुखणं आधीच उघडं केलं होतं, तिथवर 'सुधारक'चा आवाज त्या मानाने कमीच पोचला. शिवाय स्पेन्सरच्या, समाज हळूहळू उत्क्रांत होत वरच चढतो, या कल्पनेवर त्यांचा जरा जास्तच विश्वास होता. विसाव्या शतकाने तो पार मोडीत काढला.

राहिला तिसरा प्रश्न, अर्थाचा. इथे अर्थ दोन तऱ्हेचा. एक वाक्याचा: 'सुधारक' निघाला त्याच १८८८ साली आगरकरांचं 'वाक्यमीमांसा' हे पुस्तकही आलं, मराठी वाक्याची फोड करून दाखवणारं. बहुतेकांना ते व्याकरणाचं रुक्ष पुस्तक वाटेल. पण शब्दांची धूळ उडवून लोकांना गप्प करणाऱ्यांशी ज्याला भांडायचंय, त्याला आधी वाक्यात नक्की काय म्हटलंय हे काढता यायला लागतं. दुसरा अर्थ जगण्याचा. परलोक, पुण्य, मोक्ष यांचा हिशेब बाजूला ठेवला, तर चांगलं वागायचं कशाला? परदेशात एकट्याने आजारी पडल्यावर, किंवा तिकडे आईवडील गेल्याचा फोन रात्री आल्यावर, हा प्रश्न पुस्तकातला राहत नाही. आगरकरांचं उत्तर असं होतं की माणसांचं याच जगातलं सुख थोडं वाढावं, दुःख थोडं कमी व्हावं, यासाठी केलेली खटपट जगण्याला पुरते. त्याचं बक्षीस नंतर कुठे मिळत नाही. ज्याला ते अपुरं वाटतं त्याच्याशी मी वाद घालणार नाही. कर्मावर आणि विठ्ठलावर विश्वास ठेवून तितक्याच नेकीने जगलेली माणसं आपण सर्वांनी पाहिली आहेत. पण आगरकरांना ते पुरलं, हे त्यांच्या वागण्यात दिसतं.

१८९२ मध्ये प्राचार्य वामन शिवराम आपटे वारले, आणि फर्ग्युसन कॉलेजचं प्राचार्यपद आगरकरांकडे आलं. त्यांच्याच कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं. आगरकरांना दमा जुनाच होता, तो आता वाढत चालला. तरी शिकवणं आणि 'सुधारक'चं लिहिणं चालू राहिलं. दुरावलेले टिळक शेवटी शेवटी त्यांना भेटायला गेले. १७ जून १८९५ ला आगरकर गेले, एकोणचाळीस पुरी व्हायला सत्तावीस दिवस कमी असताना. 'केसरी'त मृत्युलेख टिळकांनीच लिहिला, आणि लिहिताना त्यांना रडू आवरेना, असं म्हणतात.

मागे त्यांच्या उशाशी एक पुडी सापडली. तीत आपल्या दहनाच्या खर्चासाठी बाजूला काढून ठेवलेले वीस रुपये होते.