डॉ. ल्युसी विल्स : अन्नघटक आणि पुरावा

नाशिक जिल्ह्यातील पेठ किंवा सुरगाणा तालुक्यातील आरोग्य उपकेंद्रात गर्भवती स्त्रीला लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या जातात, हे तुम्ही पाहिले असेल. फॉलिक ॲसिडच्या शोधाची वाट मुंबईतील संशोधनातून निघाली, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. त्या संशोधनाच्या कर्त्या डॉ. ल्युसी विल्स यांचे चरित्र आपण येथे अभ्यासणार आहोत. वाचताना एक प्रश्न मनाशी ठेवा : अमुक अन्नघटकाने अमुक रोग बरा होतो, हे विधान केव्हा स्वीकारावे?

जडणघडण

ल्युसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमधील सटन कोल्डफील्ड येथे झाला. केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात त्यांनी वनस्पतिशास्त्र व भूशास्त्र यांचे शिक्षण घेतले. त्या काळी केंब्रिज विद्यापीठ स्त्रियांना परीक्षेस बसू देत असे. पदवी मात्र देत नसे. पुढे लंडनमधील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १९२० मध्ये त्या वैद्यकीय पदवीधर झाल्या आणि प्रयोगशाळेतील संशोधनाकडे वळल्या.

मुंबईतील संशोधन

१९२८ मध्ये विल्स मुंबईस आल्या. येथील गरीब, कष्टकरी गर्भवती स्त्रियांना तीव्र रक्तक्षय होत असे आणि त्यात अनेकींचा मृत्यू ओढवे. या रक्तक्षयात तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. हाफकिन संस्थेत विल्स यांनी त्याचा शोध आरंभिला. रोगजंतूंचा ठोस पुरावा न मिळाल्याने त्यांनी या स्त्रियांच्या निकृष्ट आहाराकडे लक्ष वळवले.

तशाच आहारावर ठेवलेल्या उंदरांनाही रक्तक्षय झाला आणि यीस्ट दिल्यावर तो टळला. एवढ्यावर निष्कर्ष काढणे सोपे होते. परंतु उवांमुळे पसरणाऱ्या संसर्गाचा परिणाम त्या उंदरांवर झालेला असू शकत होता. म्हणून माकडांवर पुन्हा प्रयोग करण्यात आले. रुग्ण स्त्रियांना मार्माइट हा यीस्टचा स्वस्त अर्क देण्यात आला. त्यांच्या रक्तात कोवळ्या तांबड्या पेशी झपाट्याने वाढल्या आणि प्रकृती सुधारली. हे निष्कर्ष १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले.

पुराव्याची पारख

येथे थोडे थांबून विचार करा. रुग्णांची संख्या लहान होती. असे असता हा पुरावा भक्कम कसा झाला? पहिले कारण असे, की सुधारणा केवळ रुग्णाच्या सांगण्यावर मोजली नव्हती. रक्ततपासणीत ती दिसत होती. दुसरे कारण तुलनेचे. शुद्ध केलेला यकृताचा अर्क दुसऱ्या एका घातक रक्तक्षयावर गुणकारी होता. या रुग्णांवर तो चालेना, तर अशुद्ध अर्क व यीस्ट चालत. याचा अर्थ, येथे उणीव वेगळ्याच घटकाची होती. तो घटक विल्स यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून मिळवलेल्या द्रव्यास फॉलिक ॲसिड हे नाव मिळाले आणि १९४५ मध्ये ते कृत्रिमरीत्या तयार झाले.

मात्र गुणकारी घटक सर्वत्र गुणकारी नसतो. त्या दुसऱ्या रक्तक्षयात फॉलिक ॲसिडने रक्त सुधारले, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहिली. कारण तेथे खरी उणीव बी-१२ जीवनसत्त्वाची होती. केवळ रक्ताचा अहवाल पाहणारा वैद्य येथे फसला असता.

उत्तरायुष्य

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विल्स यांनी गर्भवती स्त्रियांना लोह देण्याविषयी चाचणी केली. १९४७ मध्ये निवृत्त झाल्यावरही जमैका, फिजी आदी ठिकाणी त्यांचे आहारविषयक संशोधन चालू राहिले. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. १९९१ मध्ये सात देशांतील चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले. मज्जारज्जूतील जन्मजात व्यंग असलेले अपत्य ज्यांना पूर्वी झाले होते, अशा स्त्रियांना दोन गटांत यदृच्छेने विभागण्यात आले होते. फॉलिक ॲसिड घेतलेल्या गटात अशा व्यंगाचे प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांनी कमी आढळले.

स्वाध्याय : आहाराने रोग बरा झाल्याचा तुमच्या परिसरातील एखादा दावा निवडा. सुधारणा कशी मोजली, तुलना कोणाशी केली आणि दुसरे कारण संभवते का, या तीन प्रश्नांच्या आधारे त्याचे परीक्षण करा.