गुडघ्यातल्या प्लास्टिकमागचा माणूस : सर जॉन चार्न्ली

गुडघा बदलायचा विषय निघाला की रुग्ण मला हमखास विचारतात, डॉक्टर, नवा सांधा किती वर्षे टिकेल? याच प्रश्नापायी सर जॉन चार्न्ली यांचे निम्मे आयुष्य गेले. त्यांचे मुख्य काम खुब्याच्या सांध्याचे, पण आजच्या कृत्रिम गुडघ्याची वाट तिथूनच निघाली.

जन्म १९११ चा, इंग्लंडमधल्या बरी गावचा. वडील औषध-दुकानदार, आई परिचारिका. मँचेस्टरला शिक्षण, मग महायुद्धात सैन्यात डॉक्टर. त्या काळी गुडघा पार खराब झाला की दोन्ही हाडे जोडून सांधा कायमचा बंद करत. त्यासाठी हाडे घट्ट दाबून धरणारा क्लॅम्प चार्न्ली यांनीच बनवला होता. दुखणे थांबे, पण गुडघा पुन्हा वाकत नसे.

पुढे रायटिंग्टन इथल्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात त्यांनी कृत्रिम खुब्याचे काम हाती घेतले. एका रुग्णाचा कृत्रिम खुबा चालताना करकरत असे. त्यावरून त्यांच्या लक्षात आले की खरा शत्रू घर्षण आहे. १९५८ च्या सुमारास त्यांनी टेफ्लॉन वापरले. रुग्ण खूश झाले, आनंदाने चालू लागले. पण दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजले, त्याच्या कणांनी आजूबाजूचा भाग बिघडला. असे रुग्ण सुमारे तीनशे. शरीर या पदार्थाला कसे घेते हे पाहायला चार्न्ली यांनी तो स्वतःच्या मांडीत घालून घेतला. बिघडलेले सांधे काढण्याची ऑपरेशनेही त्यांनाच करावी लागली. कोणत्याही सर्जनला हे जड जाते.

१९६२ मध्ये एक विक्रेता पॉलिएथिलीनचा नमुना देऊन गेला. चार्न्ली यांना तो कुचकामी वाटला. ते परगावी असताना त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी तो तरीही यंत्रावर घासून पाहिला. झीज अगदी किरकोळ! त्याच वर्षी वापर सुरू झाला, पण या वेळी घाई नव्हती. इतर सर्जनना हा सांधा हवा असेल, तर रायटिंग्टनला येऊन तंत्र शिकावे लागे. जंतुसंसर्ग टाळायला शुद्ध हवेची खास खोलीही त्यांनी उभारली.

धातू, पॉलिएथिलीन आणि हाडाचे सिमेंट, हीच सामग्री घेऊन तिथे काम केलेल्या कॅनडाच्या फ्रँक गन्स्टन यांनी कृत्रिम गुडघा घडवला. आजच्या गुडघ्यातही दोन धातूंमध्ये बसते ते सुधारलेले पॉलिएथिलीनच. म्हणून ऑपरेशननंतर काहीच दुखत नसले तरी सर्जनने सांगितलेल्या वेळी एक्स-रे काढायला जा. झीज सुरुवातीला दुखत नाही.

चार्न्ली १९८२ मध्ये वारले. मृत्यूनंतर आपला सांधा तपासणीसाठी परत घ्यावा, अशी संमती त्यांच्या कित्येक रुग्णांनी देऊन ठेवली होती. पुढे ते सांधे रायटिंग्टनला आले आणि त्यांची झीज मोजली गेली.