संत मेरी मॅकिलॉप

धर्मग्रामाच्या ह्या ज्युबिली-पुस्तिकेंत दूरच्या ऑस्ट्रेलियांतील एका स्त्रीचें चरित्र कां, असें एखादा वाचक विचारील. आपल्या मुलाबाळांना अक्षरओळख करून देणाऱ्या धर्मभगिनींचें ऋण आपणां बहुतेकांवर आहे. परंतु आपला कारभार आपणच पाहावा एवढा साधा हक्क मिळविण्यासाठीं त्या देशांतील भगिनींना काय सोसावें लागलें, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. म्हणून हा खटाटोप.

मेरी मॅकिलॉप ह्यांचा जन्म १५ जानेवारी १८४२ रोजीं मेलबोर्न येथें झाला. आईबाप स्कॉटलंडांतून आलेले. आठ भावंडांत मेरी थोरली. पिता अलेक्झांडर सुशिक्षित व भाविक, पण व्यवहारांत नेहमीं अपेशी. त्या काळीं इंग्रजी कायद्याप्रमाणें विवाहित स्त्रीची मिळकत व कमाई पतीचीच समजली जाई. पति बुडाला कीं त्याजबरोबर बायकामुलेंही बुडत. घर सांवरण्याचें ओझें थोरल्या मुलीवर आलें. कोवळ्या वयांत तिनें एका कागदविक्याच्या पेढींत कारकुनी केली, व १८६० सालीं दक्षिण ऑस्ट्रेलियांतील पेनोला गांवीं नातलगांच्या मुलांना शिकविण्याचें काम पत्करलें.

तेथें फादर ज्युलियन टेनिसन वुड्स हे धर्मगुरू होते. त्यांच्या अफाट धर्मग्रामांत गरिबांच्या मुलांना शाळा नव्हती. १८६६ सालीं ह्या दोघांनीं एका जुन्या तबेल्यांत शाळा उघडली. मेरीच्या भावानें सुतारकाम केलें. पुढल्याच वर्षीं, १५ ऑगस्ट १८६७ रोजीं, अ‍ॅडलेड शहरीं मेरी ह्यांनीं व्रतें घेतलीं, आणि संत योसेफाच्या भगिनींचा संघ उभा राहिला.

ह्या संघाची रीत न्यारी होती. युरोपांतील मठांत हुंडा आणणाऱ्या कुलीन भगिनी व धुणींभांडीं करणाऱ्या भगिनी असा भेद असे. येथें तो नव्हता. दोघी-तिघी भगिनी रानांतल्या एखाद्या झोंपडींत राहत, शेतकऱ्यांच्या व खाणवाल्यांच्या मुलांना शिकवीत, आणि फी देण्याची ऐपत नसलेल्यास परत पाठवीत नसत. १८७१ पर्यंत सुमारें १३० भगिनी चाळीसांहून अधिक शाळा व अनाथगृहें चालवूं लागल्या. एवढ्या विखुरलेल्या भगिनींवर एकीचीच देखरेख असावी, ती त्यांनींच निवडलेली असावी, आणि प्रत्येक प्रांताच्या बिशपांनीं त्यांचे तुकडे पाडूं नयेत, हा संघाच्या नियमांतील मुख्य मुद्दा. सगळा वाद ह्याच मुद्द्यावर पेटला.

आम्ही स्वतः धर्मगुरू असल्यानें पुढील भाग लिहितांना लेखणी जड होते. अ‍ॅडलेडचे बिशप शील ह्यांना कांहीं सल्लागारांनीं भरीस घातलें. त्यांनीं नियम बदलावयाचे ठरविले. मेरी ह्यांनीं नम्रपणें पण ठामपणें आपली अडचण सांगितली. २२ सप्टेंबर १८७१ रोजीं बिशपांनीं त्यांना आज्ञाभंगाच्या आरोपावरून पवित्र सभेंतून बहिष्कृत केलें. अनेक भगिनींना संघांतून काढण्यांत आलें, बऱ्याच शाळा बंद पडल्या. त्या दिवसांत येशूसंघाच्या धर्मगुरूंनीं मेरी ह्यांची पाठ राखली, आणि इमॅन्युअल सॉलोमन ह्या यहुदी व्यापाऱ्यानें निराधार भगिनींना घर दिलें व भाडें घेतलें नाहीं. मेरी ह्यांनीं बिशपांविरुद्ध कोणास चिथविलें नाहीं. फेब्रुवारी १८७२ मध्यें, मृत्युशय्येवर असतां, बिशपांनीं बहिष्कार मागें घेतला.

परंतु प्रश्न मिटला नव्हता. १८७३ सालीं मेरी एकट्या, साध्या काळ्या वेषांत विधवेच्या नांवानें प्रवास करीत, रोमला गेल्या व पोप नववे पायस ह्यांना भेटल्या. रोमनें दारिद्र्याचे नियम सैल केले, मात्र एकसूत्री कारभार राखला. ह्याचें एक दुःखद फळ असें कीं, आपले नियम बदललेले पाहून फादर वुड्स दुरावले. बिशपांचा विरोधही चालूंच राहिला. बॅथर्स्ट व क्वीन्सलंड येथून भगिनींना निघावें लागलें. १८८३ सालीं अ‍ॅडलेडहूनही मेरी ह्यांना जावें लागलें, तेव्हां त्यांनीं सिडनीस बिऱ्हाड केलें. १८८५ सालीं त्यांचें मुख्यपद काढून मदर बर्नार्ड ह्यांना देण्यांत आलें, आणि मेरी त्यांच्या हाताखालीं मुकाट्यानें राबल्या. बहिष्कारापेक्षां ही कसोटी अधिक कठीण असावी, असें आम्हांस वाटतें. १८८८ सालीं पोप तेरावे लिओ ह्यांनीं भगिनींच्या स्वतंत्र कारभारास कायम मान्यता दिली. १८९९ सालीं भगिनींनीं मेरी ह्यांनाच पुन्हां निवडलें.

ह्या अवधींत भोंवतालचें जगही बदललें होतें. दक्षिण ऑस्ट्रेलियानें १८९४ सालीं स्त्रियांना मताचा व विधिमंडळासाठीं उभें राहण्याचा हक्क दिला. १९०२ सालीं साऱ्या देशांत तो मिळाला, पण आदिवासी स्त्रीपुरुषांपैकीं बहुतेकांना त्यांतून वगळलें, व तो अन्याय मध्यवर्ती निवडणुकांपुरता १९६२ सालीं दूर झाला. १९०३ सालीं मेरी ह्यांनीं आपल्या भगिनींना पत्र लिहून मतदान करण्यास सांगितलें. उमेदवाराची चौकशी करावी, आणि आपलें मत गुप्त ठेवावें, असा सल्ला दिला. केवळ कॅथलिक म्हणवितो एवढ्यावरून कोणास मत देऊं नये, हेंही बजाविलें!

त्यापूर्वीं १९०२ सालीं न्यूझीलंडांत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात गेला, तेव्हां त्या डाव्या हातानें लिहावयास शिकल्या. ८ ऑगस्ट १९०९ रोजीं उत्तर सिडनींत त्या ख्रिस्तवासी झाल्या. लोक कबरेवरची माती नेऊं लागले, म्हणून १९१४ सालीं त्यांचें शव तेथील माउंट स्ट्रीटवरील भगिनींच्या चॅपेलांत हलविण्यांत आलें. २००९ सालीं अ‍ॅडलेडच्या आर्चबिशपांनीं त्या जुन्या बहिष्काराबद्दल जाहीर क्षमा मागितली, आणि १७ ऑक्टोबर २०१० रोजीं पोप सोळावे बेनेडिक्ट ह्यांनीं त्यांना ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या संत म्हणून घोषित केलें.