कर्जबाजारी बापाचा मुलगा : चार्ल्स डिकन्स

आपल्या बापाने कोणते काम केले, आपली आई कोणाच्या दारी राबली, हे चारचौघांत सांगताना तुमची जीभ कधी अडखळली आहे काय? शिकून नोकरीला लागलेला एखादा मुलगा कचेरीतल्या मित्रांना वस्तीच्या तोंडाशीच निरोप देतो, आपले घर दाखवीत नाही, हे तुम्ही पाहिले असेल. ही लाज आपल्याच वाट्याला आली आहे असे समजू नका. इंग्लंडच्या एका जगप्रसिद्ध कादंबरीकाराने अशीच लाज वीस वर्षांहून अधिक काळ मनात कोंडून ठेवली होती. त्याचे नाव चार्ल्स डिकन्स. त्याची हकिकत तुम्ही ऐका आणि घरातल्या मुलांनाही सांगा.

डिकन्सचा जन्म ७ फेब्रुवारी १८१२ रोजी पोर्टस्मथ येथे झाला. आजोबा-आजी एका श्रीमंताच्या वाड्यात चाकरीला होते. बाप जॉन डिकन्स आरमाराच्या पगार कचेरीत कारकून होता. माणूस मनाचा प्रेमळ, बोलण्यात रसाळ, पण हाताचा सैल. मिळकतीपेक्षा खर्च नेहमी जास्त. आई एलिझाबेथ हिने चार्ल्सला अक्षरओळख करून दिली. चॅथम गावी असताना माडीवरच्या एका लहानशा खोलीत बापाची पुस्तके होती. ती वाचून हा मुलगा मोठा झाला. फिरायला नेताना बाप त्याला गॅड्स हिल येथील एक मोठे घर दाखवी आणि खूप मेहनत केलीस तर एक दिवस तू अशा घरात राहशील, असे सांगे. ज्या बापाने पुढे मुलाला संकटात लोटले, त्याच बापाने त्याच्या मनात हे स्वप्न पेरले, ही गोष्ट ध्यानात ठेवा.

१८२२ मध्ये हे कुटुंब लंडनला आले. कर्ज वाढत गेले आणि चार्ल्सची शाळा सुटली. थोरली बहीण फॅनी हिला मात्र संगीत विद्यालयात घातले गेले. आईने घर चालावे म्हणून शाळा काढण्याचा प्रयत्न केला. दारावर पाटी लागली, पण एकही विद्यार्थी आला नाही. मग घरातली पुस्तके विकावी लागली, सामान गहाण पडू लागले. दुकानात वस्तू घेऊन जाण्याचे काम चार्ल्सकडेच असे.

फेब्रुवारी १८२४ मध्ये, बारावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असतील, हा मुलगा थेम्स नदीकाठच्या बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात कामाला लागला. जुनी पडकी इमारत, तळघरात उंदीर. पॉलिशच्या बरण्यांवर कागद बांधायचा, दोरा आवळायचा, चिठ्ठी चिकटवायची, आणि दिवसभर तेच करायचे. मजुरी आठवड्याला सहा-सात शिलिंग. तो कामाला लागून दोन आठवडेही झाले नाहीत तोच ४० पौंडांच्या वर थकलेल्या पाववाल्याच्या देण्यापायी बापाला अटक झाली. कर्ज फेडता आले नाही तर माणसाला कोंडावे, असा तेव्हाचा कायदा होता. कोंडलेल्या माणसाने कर्ज कसे फेडावे, याचे उत्तर त्या कायद्याजवळ नव्हते. जॉन डिकन्सची रवानगी मार्शलसी तुरुंगात झाली. पुढे आई धाकट्या लेकरांना घेऊन तिथेच राहायला गेली. चार्ल्स बाहेर भाड्याच्या खोलीत एकटा राही. पुढे तुरुंगाजवळ खोली मिळाली, तेव्हा सकाळची न्याहारी आणि रात्रीचे जेवण आईबापांबरोबर तुरुंगातच होऊ लागले.

आता एक प्रसंग पाहा. कारखान्यात एके दिवशी चार्ल्सच्या पोटात कळ उठली. बॉब फॅगिन नावाच्या अनाथ पोराने गरम पाण्याच्या बाटल्यांनी त्याला दिवसभर शेकले आणि संध्याकाळी घरापर्यंत सोबत यायचा हट्ट धरला. पण घर तर तुरुंगात! चार्ल्स एका परक्याच घरासमोर थांबला, हेच आपले घर म्हणून बॉबचा निरोप घेतला आणि खरे वाटावे म्हणून दारही ठोठावले. बारा वर्षांचे पोर, दुखणे अंगात, आणि त्याही स्थितीत बापाचा तुरुंग लपविण्याची धडपड. आपल्या मुलांच्या मनात काय चालते ते या प्रसंगावरून ओळखा.

सुमारे तीन महिन्यांनी बाप सुटला. मुलाचे काम मात्र सुटले नाही. अखेर कारखान्यातल्या नातलगाशी बापाचे भांडण झाले आणि त्याने मुलाला काढून पुन्हा शाळेत घातले. आईने मात्र भांडण मिटवून त्याला परत कामावर धाडण्याची खटपट केली. ही गोष्ट डिकन्स जन्मभर विसरला नाही. त्याचे दुःख खरे होते. परंतु तुम्ही त्या आईचाही विचार करा. घरात लहान लेकरे आणि नवऱ्याचा हिशेब कधीच जुळत नाही, अशा स्थितीत सहा शिलिंगांचे मोल तिलाच ठाऊक. तिनेच त्याला अक्षर दिले होते. ते स्मरून तिला क्षमा करणे त्या मोठ्या लेखकालाही जमले नाही.

१८२७ मध्ये शाळा पुन्हा सुटली. डिकन्स वकिलाच्या कचेरीत लागला, लघुलेखन शिकला, पार्लमेंटचा वार्ताहर झाला. १८३६ पासून निघू लागलेल्या पिकविक पेपर्सने तो घराघरांत पोहोचला. बापाची सवय मात्र गेली नाही. तो मुलाच्या नावावर उसने घेऊ लागला. १८४१ मध्ये ही देणी आपण मानणार नाही, अशी जाहीर सूचना मुलाला वर्तमानपत्रांत द्यावी लागली. तरीही त्याने आईबापांना टाकले नाही. पुढेही तो त्यांच्या उपयोगी पडत राहिला.

१८४९-५० मध्ये डेव्हिड कॉपरफील्ड ही कादंबरी महिन्याच्या हप्त्यांनी निघाली. तीत दहा वर्षांचा पोरका डेव्हिड बाटल्यांच्या वखारीत राबतो. त्याला आसरा देणारा मिकॉबर म्हणजे डिकन्सचा बापच. सदा कर्जात, सदा आशेवर, तुरुंगात जाऊनही मनाने न मोडणारा. त्याची बायको त्याला कधी सोडीत नाही. त्याच पुस्तकात पेगॉटी नावाचा कोळी आहे. जुन्या नावेच्या घरात तो भावाचा आणि बहिणीच्या नवऱ्याचा पोरका जीव वाढवतो, एका विधवेलाही सांभाळतो. हालात जो हात सोडीत नाही तो आपला, हे डिकन्सने तिथे दाखवून दिले. कादंबरी पुरी झाली आणि ३१ मार्च १८५१ रोजी बाप वारला. मुलगा उशाशी होता. राहिलेली देणी त्यानेच भागविली.

१८६०-६१ मधील ग्रेट एक्स्पेक्टेशन्स तर तुमच्या घरातील शिकत्या मुलाने अवश्य वाचावी. पिप या पोरक्या मुलाला बहिणीचा नवरा जो, एक निरक्षरप्राय लोहार, मायेने वाढवतो. पैसा मिळून पिप लंडनला साहेब होतो. जो भेटायला येतो तेव्हा त्याला त्याचीच लाज वाटते. पुढे पैसा जातो, पिप कर्जात बुडतो, आजारी पडतो. तेव्हा हाच लोहार येऊन त्याची शुश्रूषा करतो, त्याचे कर्ज फेडतो आणि काही न बोलता निघून जातो. हे लिहिताना डिकन्सने स्वतःलाही सोडले नसावे असे वाटते.

तो निर्दोष पुरुष होता असे मुळीच नाही. १८५८ मध्ये त्याने दहा मुलांच्या आईला, आपल्या पत्नीला, दूर केले. घराचे महत्त्व जगाला सांगणाऱ्याचे स्वतःचे घर मोडले. गॅड्स हिलचे ते घर त्याने १८५६ मध्ये विकत घेतले होते. तिथेच ९ जून १८७० रोजी तो वारला. कारखान्याची हकिकत त्याने मित्र जॉन फॉर्स्टरला सांगितली होती. वाचकांना ती त्याच्या मृत्यूनंतर कळली.

एक फरक मात्र विसरू नका. डिकन्सच्या दारिद्र्यावर जातीचा शिक्का नव्हता. पैसा आला आणि ते पुसले गेले. आपल्या आईबापांचे हाल इतक्या सहज पुसले गेले नाहीत. लेकींचे दागिने गहाण टाकून भीमरावांसाठी पुस्तके आणणारे सुभेदार रामजी तुम्हाला ठाऊकच आहेत. त्या गहाणाची बाबासाहेबांनी लाज बाळगली नाही, ते ऋण मानले.

म्हणून आज संध्याकाळी मुलांना जवळ बसवा. आजोबांनी काय सोसले, आजीने कोणाचे ओझे वाहिले, कोणती वस्तू कधी गहाण पडली, हे न लाजता सांगा. मुलांनो, तुम्ही ते मान वर करून ऐका. आणि मित्र घरी यायचे म्हणाला, तर त्याला आपल्याच दारापर्यंत घेऊन या.